रिव्हॉल्व्हरची अट

“पण महाराज, एवढी किंमत देऊन ते घ्यावं का? होय की नाही, एवढंच सांगा.”

महाराज वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी एक शेंग मोडली, दाणे परातीत टाकले आणि टरफल बाजूला ठेवलं.

“पितरांच्या पंधरवड्यात कुणी खरेदी करतं व्हय, रंगराव?”

“खरेदी नवरात्र बसल्यावर करीन. आज नुसतं ठरवायचंय.”

“ठरवल्यावर मग राह्यलं काय?”



साताऱ्यात लाकडाच्या वखारी असलेले रंगराव खर्डेकर आमच्या गोविंदगीर महाराजांचे शिष्य. शिष्य म्हणजे वर्षातून दोनदा यायचे, मठाला लागेल ते न मागता द्यायचे, आणि महाराजांनी सांगितलेलं सोडून बाकी सगळं करायचे. माणूस वाईट नव्हता. जुन्या हत्यारांचा नाद होता, एवढंच. बंगल्यातली एक अख्खी खोली त्या नादाने भरली होती आणि घरातली माणसं तिच्या दाराशी चपला काढून आत जायची.

मी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होतो. खाली गावात कुणाच्या तरी घरचं श्राद्ध होतं. मठाच्या भिंतीवर कावळे येऊन बसले होते आणि ओरडतही नव्हते. सकाळपासून आभाळ असं उतरून आलेलं, की दुपार आहे की दिवेलागण ते कळत नव्हतं.

“हाय तरी कसलं ते?” महाराजांनी विचारलं.

झालं. रंगरावांचा चेहरा एकदम खुलला.

“रिव्हॉल्व्हर आहे, महाराज. विलायती. सहा बारी. मुठीला अक्रोडाचं लाकूड, त्याला एक चीर नाही. नळीवरचा छाप असा ठसठशीत, की बोट फिरवलं तर अक्षर लागतं. आणि नंबर... नंबर माझ्याकडच्याच्या पुढचा आहे!”

“म्हंजी?”

“जोड आहे ती. पळसवड्याच्या इनामदारांनी एका पेटीत दोन आणवली होती. एक पेटीसकट लेकीबरोबर गेलं, ते फिरत फिरत माझ्याकडे आलं. दुसरं घरातच राहिलं. मी किती वर्षं त्याच्या मागे आहे, महाराज. पेटीत एक खाच रिकामी आहे. रोज बघतो मी ती.”

“मग आता विकतायत?”

“आता फक्त सूनबाई उरल्यात त्या घरात. म्हणजे त्यांचंही वय झालं. सगळे त्यांना वहिनीसाहेब म्हणतात. मूलबाळ नाही, नजर गेलीय, पुतण्या त्यांना बडोद्याला घेऊन चाललाय. घर बंद होणार.”

“लई पैसं सांगितलं?”

“पैसे मागितले असते तर मी इथे कशाला आलो असतो!” रंगराव जवळजवळ ओरडलेच. “पैसे नकोतच म्हणतात. आकडा टाका म्हटलं, वाट्टेल तो टाका, तर हात जोडले. म्हणाल्या, पैशाला हे द्यायचं नाही.”

महाराजांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“मग काय मागतात?”

रंगरावांनी भिंतीकडे पाहिलं. इतका वेळ धो धो बोलणारा माणूस आता शब्द शोधत होता.

“त्याच्यापायी एक माणूस गेलाय.”

...

हकिगत त्यांनी तुटक तुटक सांगितली. वहिनीसाहेबांचे सासरे, म्हणजे थोरले इनामदार, खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायचे आणि पूजा झाली की अंगणात येऊन हवेत बार काढायचे. एका वर्षी पाहुणे होते. पाहुण्यांना गंमत दाखवायची म्हणून इनामदारांनी घोड्याच्या मोतद्दाराला डोक्यावर नारळ ठेवून उभं केलं. तो नको म्हणाला नाही. त्या अंगणात त्याला नको म्हणायची सोयच नव्हती.

नारळ फुटला नाही.

पुढे पंचनामा झाला, त्यात घोडा बिथरला आणि बार चुकून उडाला असं आलं. मोतद्दाराच्या बायकोला धान्य देऊन गावाबाहेर काढलं. ती कुठे गेली कुणी विचारलं नाही.

“पण त्यांच्या सासूबाई वेगळ्या निघाल्या,” रंगराव म्हणाले. “त्यांनी पुढच्या खंडेनवमीला हे रिव्हॉल्व्हर पूजेत मांडू दिलं नाही. वेगळा पाट घेतला. हळद नाही, कुंकू नाही, फूल नाही. सगळ्या घराला समोर उभं केलं, आणि नवऱ्याला म्हणाल्या, त्याचं नाव घ्या. बापाचं नाव घ्या. गाव घ्या. आणि म्हणा, आमच्या हातून गेला.”

“म्हणाले?”

“पहिल्या वर्षी नाही म्हणाले. मग त्या माउलीनं चूलच पेटवली नाही. शेवटी म्हणाले. तेव्हापासून दर वर्षी. त्या दिवशी घरात गोडधोड नाही आणि दुसऱ्या दिवशी दसरा नाही. सोनं वाटायचं नाही, कुणाकडे जायचं नाही. थोरले गेल्यावर धाकट्यांनी म्हटलं, ते गेल्यावर वहिनीसाहेब म्हणतायत.”

“आता तुला म्हणायला सांगतात.”

“हो.” रंगरावांनी कपाळाचा घाम पुसला. घाम येण्यासारखी हवा नव्हती. “जो नेईल त्यानं दर खंडेनवमीला, घरच्या सगळ्यांसमोर, पाटावर ठेवून हे म्हणायचं. तो असेपर्यंत. मग त्याच्या मुलानं. एवढीच अट. परवान्याचे कागद, पोलीस, ते सगळं मी बघून घेईन. पण ही अट...”

“फुकट पडतंय की मग.”

“महाराज, थट्टा करू नका. मी का म्हणू, आमच्या हातून गेला? माझ्या हातून कुठे गेला? माझा त्या घराशी संबंध नाही. माझा आजा तेव्हा कऱ्हाडात लाकडं फोडत होता!”

महाराजांनी हातातली शेंग मोडली.

“आणि दसरा. यंदा दसऱ्याला मी ती खोली लोकांना खुली करतोय. पत्रिका गेल्यात. मंडप ठरलाय. बाहेर सनई चालू आणि आत मी पाटासमोर उभा राहून माणूस मारल्याची कबुली देणार? माझी सून काय म्हणेल? नातवंडं काय समजतील?”

“मग नको घेऊ.”

“आणि ती रिकामी खाच?”

“मग घे.”

रंगराव चिडले. ते चिडले की हातातली अंगठी गरागरा फिरवायचे.

“एक मार्ग आहे,” थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले. “हो म्हणायचं आणि आणायचं. बडोद्याहून बघायला कोण येतंय? मी तसं करणार नाही. पण मनात आलं, ते तुमच्यापासून कशाला लपवू?”

मला त्यांचा राग आला, खरं सांगतो. पण हेही खरं, की त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर सांगायलाही आला नसता. केव्हाच हो म्हणून वस्तू काखोटीला मारली असती.

महाराज उठले. गुडघे धरून, भिंतीला हात लावत आत गेले आणि जेवायचा पाट घेऊन आले. पाट रंगरावांच्या पुढ्यात ठेवला. अंगाला चिकटलेली चार टरफलं त्यावर पडली होती, ती हाताने झाडून टाकली.

“हे काय?”

“किंमत जड हाय का हलकी, ते उचलल्याबिगर कसं कळंल? समज, हितं ते हाय. समोर तुझं घर उभं हाय. म्हण.”

“आत्ता?”

“मी आन हा तांदूळवाला, दोघंच हाय. म्हणून बघ.”

रंगराव हसले. मग हसू गेलं. त्यांनी पाटाकडे पाहिलं, शर्ट खाली ओढून सरळ केला. घसा साफ केला.

एक कावळा भिंतीवरून उतरला आणि पुन्हा जाऊन बसला.

“म्हण की.”

“महाराज...”

“काय?”

“नाव आठवत नाही.”

...

मी तांदळातून हात काढला.

“दोनदा सांगितलं त्यांनी मला,” रंगराव घाईघाईने म्हणाले. “चांगलं सांगितलं. साधंच नाव होतं. गाव लक्षात आहे. मायणी. मायणीचा एक बिचवा आहे माझ्याकडे, म्हणून ते डोक्यात बसलं. पण नाव...”

“नंबर आठवतो?”

रंगरावांनी नंबर सांगितला. एका दमात, न अडखळता. सांगून झाल्यावर त्यांचा चेहरा पडला. कुणी न मारता माणसाला मार बसावा, तसं ते दिसत होते.

महाराज खाली बसले आणि पुन्हा शेंगा सोलायला लागले. 

“फोन करून विचारतो,” रंगराव म्हणाले.

“विचार.”

बंदुकीच्या आवाजांनी रंगरावांचा उजवा कान बाद झालेला आणि डावाही यथातथाच. ते नेहमी फोन स्पीकरवर टाकून बोलायचे. त्यांनी तो पाटाच्या कडेला ठेवला. बराच वेळ वाजला. मग एक म्हातारा आवाज आला, स्वच्छ, जुन्या वळणाचा.

“कोण बोलतंय?”

“वहिनीसाहेब, मी रंगराव खर्डेकर. साताऱ्याहून.”

“हां, हां. बोला, रंगराव. ठरलं का काही?”

आता एक वाक्य बोलायचं होतं. त्याचं नाव काय म्हणालात? एवढंच. मी रंगरावांच्या तोंडाकडे पाहत होतो. ओठ उघडले. त्या बाईला कळणार होतं, की तिने जे हात जोडून सांगितलं ते या माणसाने जिन्यावरून उतरेपर्यंत टाकून दिलं होतं. हे त्यांना सहन होईना.

“ते... त्याच्याबरोबर चामड्याचं म्यान होतं का, तेवढं विचारायचं होतं.”

“म्यान? नाही हो. वाळवीनं खाल्लं.”

“बरं, बरं.”

“अटीचं काय?”

रंगरावांनी महाराजांकडे पाहिलं. महाराज शेंगेत गुंतलेले.

“अट... मान्य आहे,” रंगराव म्हणाले.

माझ्या हातातून सूप सुटायचंच बाकी राहिलं. हा माणूस लाजेपायी अख्खा दसरा देऊन बसला!

 पलीकडे बाई रडत होत्या की हसत होत्या, ते कळेना.

“देव तुमचं भलं करो. रंगराव, मला झोप नाही हो. मी गेले की ते नाव घेणारं कुणी नाही. पुतण्याला सांगितलं तर म्हणतो, काकू, पोलिसात जमा करून टाकू. जमा करतील, वितळवतील. वितळवू देत. पण मग तो गेलेला माणूस कुठे राहील? त्याला दुसरी जागाच नाही. ना पोर, ना बाळ, ना नावाचा दगड.”

“हो.”

“मग एकदा म्हणा. मला ऐकू दे. म्हणजे मी सुखानं गाडीत बसेन.”

...

रंगराव पाटाकडे बघत राहिले.

“रंगराव?”

“आहे, आहे. ऐकतोय.”

“म्हणा ना.”

अंगठी गरागरा फिरत होती.

“विसरलात होय?”

रंगरावांनी फोनकडे हात नेला आणि मागे घेतला.

“विसरलात,” बाई म्हणाल्या. आवाजातलं पाणी आटलं. “परवा तर सांगितलं मी. समोर बसून सांगितलं, तुम्ही मान हलवलीत. नळी बघत होतात तुम्ही. मला दिसत नाही, पण चाप ओढल्याचा आवाज ऐकू येतो मला. माणूस एवढासुद्धा लक्षात राहत नाही का हो तुमच्या?”

“वहिनीसाहेब, मी...”

“राहू द्या. यंदाचं नाव मीच घेते. ऐका, म्हणजे कळेल कसं म्हणायचं असतं.” त्यांनी श्वास घेतला. “लिंबा. बापाचं नाव सावळा. राहणार...”

थांबल्या.

“राहणार...”

पुन्हा थांबल्या.

“थांबा हं. येतंय मला. लिंबा सावळा, राहणार... अगं बाई... राहणार...”

देवघरात हात चाचपडत काहीतरी शोधावं तसा त्यांचा आवाज झाला होता. तोच तोच शब्द, दर वेळी थोडा बारीक. इतकी वर्षं न चुकता म्हटलेलं, आणि आता गाव सापडत नव्हतं. मी उठून भिंतीपाशी गेलो. मला ते ऐकवेना.

“दर वर्षी म्हणते हो मी. दर वर्षी. माझ्याकडून कसं जाईल? माझ्याकडून गेलं तर मग...”

“मायणी,” रंगराव म्हणाले.

पलीकडचं चाचपडणं थांबलं.

“मायणी, वहिनीसाहेब. राहणार मायणी.”

“मायणी,” बाई म्हणाल्या. “हां. मायणी. मायणीच.”

मग बराच वेळ त्या नुसत्या श्वास घेत होत्या. चढ चढून आलेलं माणूस घेतं तसा. 

“रंगराव,” शेवटी त्या म्हणाल्या, “आता तुम्ही म्हणा. सगळं म्हणा. माझा भरवसा नाही राहिला.”

रंगराव हळूहळू उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. टोपी नव्हती, म्हणून खांद्यावरचा रुमाल डोक्यावर घेतला. पाटावर काही नव्हतं, पण ते असल्यासारखे उभे राहिले.

“लिंबा. बापाचं नाव सावळा. राहणार मायणी.”

“पुढे.”

त्यांनी डोक्यावरचा रुमाल पुन्हा सारखा केला.  एवढा धिप्पाड माणूस, पण मला वाटलं आता हा खाली बसेल.

“पुढे म्हणा, बाबा.”

“आमच्या... आमच्या हातून गेला.”

“हं,” बाई म्हणाल्या. एवढंच. आणि मग, अगदी थकलेल्या आवाजात, “या केव्हाही. घेऊन जा. मी पुतण्याला सांगून ठेवते.”

फोन बंद झाला.

भिंतीवरचे कावळे कधी उडाले, ते कुणी पाहिलं नव्हतं. खाली पान वाढलेलं असणार. आभाळ आणखी खाली आलं होतं. मी कंदील लावायला वळलो आणि न लावताच ओट्यावर येऊन बसलो.

रंगराव उभेच होते. माणसाला हवी ती वस्तू मिळाली, की तो जरा तरी हलतो. हे हललेच नाहीत. डोक्यावरचा रुमाल काढायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांच्या अंगावर काहीतरी घातलं गेलं होतं आणि ते खाली कुठे ठेवायचं ते त्यांना दिसत नव्हतं. मला त्यांची फार दया आली.

महाराजांनी शेवटची शेंग मोडली. परात बाजूला सारली.

“महाराज,” रंगराव म्हणाले.  “त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं मी. म्हातारं माणूस आहे. तुम्ही ऐकलंतच.”

“ऐकलं.”

“वस्तू अजून आणलेली नाही. कागद नाही, सही नाही, काही नाही.”

“व्हय.”

“उद्या फोन करून सांगितलं, माझ्याच्यानं होत नाही म्हणून... तर अजून नको म्हणता येईल ना?”

महाराजांनी पाट उचलला, उपरण्याच्या टोकाने पुसला आणि भिंतीला उभा करून ठेवला.

“वस्तूला म्हणता येईल,” ते म्हणाले.